यादवी युद्धातील वकील-सेनानीचे चरित्र कसे लिहावे : जॉन लोगन यांच्या निमित्ताने

अमेरिकेतील यादवी युद्धाशी मराठी वाचकाची ओळख बहुधा दोन वाटांनी होते. एक वाट मुंबईच्या कापूसबाजारातून जाते : दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो ओसरून भल्याभल्यांचे दिवाळे निघाले. दुसरी वाट जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’ या १८७३ च्या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेतून जाते, जिथे गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांविषयी त्यांनी कृतज्ञता व्यक्त केली आहे. या दोन्ही वाटांनी आपण युद्धाच्या परिणामांपर्यंत पोहोचतो, परंतु ते लढणाऱ्या माणसांपर्यंत क्वचितच जातो. त्या माणसांत वकिली करून राजकारणात आलेल्या आणि १८६१ मध्ये गणवेश चढवलेल्या अधिकाऱ्यांचा एक ठळक वर्ग होता. अशा एखाद्या व्यक्तीचे चरित्र मराठीत लिहू इच्छिणाऱ्याला उपयोगी पडेल अशी ही टिपणे आहेत. उदाहरणादाखल इलिनॉय राज्याचे जॉन अलेक्झांडर लोगन (१८२६-१८८६) यांना घेतले आहे, कारण त्यांच्या आयुष्याचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध एकाच माणसाचे वाटत नाहीत, आणि चरित्रकाराची खरी परीक्षा तिथेच होते.

आधी मतदारसंघाचा नकाशा

लोगन यांच्यावरील लेखाचा माझा पहिला मसुदा तोफांच्या आवाजाने सुरू होत होता आणि तो मला टाकून द्यावा लागला. राजकारणी सेनानीची गोष्ट रणांगणावर सुरू केली की तो तिथे कसा आला हे सांगण्यासाठी पुन्हा पुन्हा मागे जावे लागते आणि दरवेळी कथेचा धागा तुटतो. म्हणून पहिले काम म्हणून त्याच्या मतदारसंघाचा नकाशा समोर ठेवावा.

इलिनॉय हे गुलामगिरी नसलेले, उत्तरेच्या बाजूचे राज्य होते. पण त्याचे दक्षिण टोक ओहायो आणि मिसिसिपी या नद्यांच्या बेचक्यात खोलवर घुसलेले आहे. ओहायो ओलांडली की केंटकी आणि मिसिसिपी ओलांडली की मिसूरी, आणि ही दोन्ही राज्ये गुलामगिरी असलेली होती. या टोकातील पुष्कळ कुटुंबे केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया अशा दक्षिणेकडील राज्यांतून आलेली होती. या भागाला लोक ‘इजिप्त’ म्हणत आणि त्याच्या अगदी शेवटच्या गावाचे नाव इजिप्तच्या राजधानीवरून ठेवलेले आहे. मात्र तिथले लोक त्याचा उच्चार ‘केरो’ असा करतात, तेव्हा आपणही तसेच लिहावे. लोगन यांचा जन्म याच भागात, मर्फिसबरोजवळ, एका डॉक्टरच्या घरी झाला. १८५८ मध्ये ते डेमोक्रॅटिक पक्षाकडून याच भागातून अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहावर, म्हणजे प्रतिनिधिगृहावर निवडून आले आणि १८६० मध्ये पुन्हा निवडून आले. एवढा नकाशा वाचकाच्या मनात बसला की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. मराठी लेखकाने येथे एक काळजी घ्यावी : ‘दक्षिण’ हा शब्द बंडखोर राज्यांसाठीही येतो आणि इलिनॉयच्या या टोकासाठीही येतो. दुसऱ्या अर्थी तो वापरताना प्रत्येक वेळी ‘इलिनॉयचे दक्षिण टोक’ असे पूर्ण लिहावे. कंटाळवाणे वाटले तरी चालेल.

वकिली म्हणजे नुसती पायरी नव्हे

अशा चरित्रांत वकिलीची वर्षे सहसा एका वाक्यात गुंडाळली जातात. लोगन यांच्याबाबतीत ते वाक्य असे होईल : मेक्सिकोविरुद्धच्या युद्धात सेकंड लेफ्टनंट म्हणून काम केल्यावर त्यांनी मामांच्या हाताखाली कायद्याचे वाचन केले, १८५१ मध्ये लुईव्हिल येथून कायद्याची पदवी घेतली आणि पुढे सरकारी वकील म्हणून काम केले. हे सारे खरे आहे, पण पुरेसे नाही. लेखकाने विचारावयाचा प्रश्न असा, की कायद्याने या माणसाच्या हाती काय दिले आणि त्याने ते कोणाविरुद्ध वापरले.

लोगन यांच्याबाबतीत उत्तर अप्रिय आहे. १८५३ मध्ये राज्याच्या विधिमंडळात त्यांनी पुढाकार घेऊन जो कायदा संमत करून घेतला, त्यान्वये बाहेरून इलिनॉयमध्ये येऊन दहा दिवसांहून अधिक काळ राहणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाला पन्नास डॉलर दंड होई आणि दंड भरता आला नाही तर त्याच्या श्रमांचा जाहीर लिलाव पुकारला जाई. गुलामगिरी नसलेल्या राज्यातला हा कायदा १८६५ च्या आरंभी रद्द होईपर्यंत पुस्तकात राहिला. पळून आलेल्या गुलामांना पकडून मालकाच्या हवाली करण्याचे ‘घाणेरडे काम’ आपला पक्ष आनंदाने करील, अशा आशयाचे भाषण लोगन यांनी प्रतिनिधिगृहात केले आणि त्यावरून विरोधकांनी त्यांना टोपणनावही चिकटवले. पुढे हाच माणूस गुलामगिरी मोडणाऱ्या सेनेचा सेनापती झाला, म्हणून ही पाने घाईने उलटण्याचा मोह होतो. तो टाळावा. कायद्यातील कलम जसेच्या तसे, दंडाच्या रकमेसह द्यावे, विशेषणे लावू नयेत; वाचकाला ती पुरवावी लागत नाहीत.

वकिली बुद्धी युद्धातही कशी चालते याचा नमुना हवा असेल तर मॅसॅच्युसेट्सचे वकील-राजकारणी बेंजामिन बटलर यांच्याकडे पाहावे. मे १८६१ मध्ये व्हर्जिनियातील फोर्ट मन्रो या किल्ल्यावर ते सेनापती असताना तीन गुलाम पळून त्यांच्या आश्रयाला आले. पलीकडून एक अधिकारी त्यांना मागण्यास आला आणि त्याने पळालेल्या गुलामांसंबंधीच्या केंद्रीय कायद्याचा आधार घेतला. बटलर यांनी उत्तर दिले, की व्हर्जिनिया आता आपण परके राष्ट्र असल्याचे सांगते आहे, तेव्हा आमच्या देशाचा कायदा तिला कसा मागता येईल? आणि शत्रू ज्यांच्याकडून तटबंदीची कामे करवून घेतो ती त्याची ‘मालमत्ता’ असेल, तर युद्धाच्या नियमानुसार ती जप्त करता येते. गुलामाला मालमत्ता मानणाऱ्यांचाच युक्तिवाद त्यांच्यावर उलटवणारी ही खेळी होती, आणि पुढे हजारो माणसे त्या पळवाटेने सुटली. बटलर सेनानी म्हणून सामान्यच होते. तरीही त्यांच्या चरित्रात हा एक युक्तिवाद त्यांच्या सगळ्या लढायांपेक्षा अधिक जागा घेण्यास पात्र आहे, असे माझे मत आहे.

वळणाचे महिने दिवसागणिक लिहावेत

एप्रिल ते सप्टेंबर १८६१ हा काळ लोगन यांच्या आयुष्याची बिजागरी आहे. येथे वेग कमी करावा आणि तारखांची एक स्वतंत्र वही करावी. ज्या हल्ल्याने युद्धाला तोंड फुटले त्या फोर्ट सम्टर किल्ल्यावरील हल्ल्यानंतर इलिनॉयच्या या टोकात अलग होण्याची भाषा उघड होऊ लागली; मेरियन गावी तसा ठराव करणारी सभाही झाली. लोगन यांचा तिला पाठिंबा असल्याचा आरोप आयुष्यभर त्यांच्या पाठीस लागला आणि ते आयुष्यभर तो नाकारत राहिले. पत्नी मेरी यांचा भाऊ दक्षिणेच्या सैन्यात गेला. लोगन यांचे नेते स्टीफन डग्लस यांनी संघराज्याच्या बाजूने कौल दिला, पण जूनच्या आरंभी ते वारले. लोगन मात्र कित्येक आठवडे जाहीरपणे काही ठाम बोलले नाहीत.

या मौनाचा अर्थ लावताना घाई करू नये. ‘ते मनातून दक्षिणेचेच होते’ आणि ‘ते मतदारांना हळूहळू वळवीत होते’ ही दोन्ही वाक्ये आकर्षक आहेत, परंतु दोन्ही मन वाचल्याचा दावा करतात. त्याऐवजी कृती लिहाव्यात. जूनमध्ये स्प्रिंगफील्डच्या छावणीत इलिनॉयच्या २१ व्या रेजिमेंटपुढे लोगन यांचे भाषण झाले. थोड्या मुदतीसाठी भरती झालेल्या या तरुणांनी तीन वर्षांसाठी नाव नोंदवावे की नाही, हा प्रश्न होता. त्या रेजिमेंटचे कर्नल आणि पुढे उत्तरेचे सरसेनापती झालेले युलिसिस ग्रँट यांनी आठवणींत लिहिले आहे, की लोगन काय बोलतील याची त्यांना धास्ती होती, पण भाषण असे झाले की जवळजवळ सगळी रेजिमेंट तीन वर्षांसाठी राहिली. जुलैत बुल रनच्या लढाईत लोगन प्रतिनिधिगृहाचे सदस्य असूनही साध्या कपड्यांत बंदूक घेऊन मिशिगनच्या एका रेजिमेंटबरोबर गेले. ऑगस्टमध्ये ते मेरियनला परतले, चौकात बोलले, आणि सप्टेंबरमध्ये त्यांची स्वतःची ३१ वी इलिनॉय रेजिमेंट केरो येथे उभी राहिली होती.

ही रेजिमेंट कोणाची होती हे सांगितल्याखेरीज पुढे जाऊ नये. तिच्यातील शिपाई लोगन यांचे मतदार, मतदारांचे मुलगे आणि न्यायालयातले पक्षकार होते. आपल्याकडे एखादा पुढारी गावोगावची माणसे ट्रकमध्ये घालून सभेला आणतो, तसे त्यांनी मतदारसंघच उचलून छावणीत आणला. फरक इतकाच, की स्वतःही पुढच्या रांगेत उभे राहिले. नोव्हेंबर १८६१ मध्ये बेलमाँट येथे त्यांचा घोडा पडला आणि फेब्रुवारी १८६२ मध्ये फोर्ट डोनेल्सन येथे त्यांच्या खांद्यात गोळी शिरली. ते मेल्याची बातमी पसरली होती. लिंकन यांनी राजकारण्यांना सेनापतिपदे का वाटली, या प्रश्नाचे उत्तर अशा रेजिमेंटमध्ये सापडते. १८६१ च्या आरंभी अमेरिकेची नियमित सेना सुमारे १६,००० होती आणि जुलैत पाच लाख स्वयंसेवक उभे करण्याची परवानगी मिळाली. ही माणसे वेस्ट पॉइंटच्या सैनिकी विद्यालयातून येणार नव्हती. ती त्यांच्या ओळखीच्या माणसामागून येणार होती.

हुद्दे आणि नावे : मराठी लेखक येथे घसरतो

हुद्द्यांच्या बाबतीत तीन गोष्टी सांभाळल्या तर बहुतेक चुका टळतात. स्वयंसेवक सेनेतील हुद्दा आणि नियमित सेनेतील हुद्दा वेगळे असत. लोगन मार्च १८६२ मध्ये ब्रिगेडियर जनरल आणि त्याच वर्षाअखेर मेजर जनरल झाले ते स्वयंसेवक सेनेचे. स्वयंसेवक रेजिमेंटचा कर्नल राज्याचा गव्हर्नर नेमत असे, तर जनरलची नेमणूक राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीने करत असे, म्हणून कर्नलपर्यंत राज्यातील आणि त्यापुढे वॉशिंग्टनमधील राजकारण शोधावे. तिसरी गोष्ट म्हणजे ‘ब्रेव्हेट’ हा केवळ मानाचा हुद्दा असे. युद्धानंतर गावोगाव जे ‘जनरल’ दिसतात त्यांतले पुष्कळ जण या वाटेने झालेले आहेत. कागदावर हजार शिपायांची रेजिमेंट, अनेक रेजिमेंटची ब्रिगेड, मग डिव्हिजन, मग कोअर आणि सर्वांत वर आर्मी, ही उतरंड एकदाच समजावून द्यावी आणि नंतर वाचकावर विश्वास ठेवावा.

याहून मोठा सापळा नावांचा आहे. उत्तरेच्या सेनांना बहुधा नद्यांची नावे असत, तर दक्षिणेच्या सेनांना बहुधा प्रदेशांची. त्यामुळे २२ जुलै १८६४ रोजी अटलांटाबाहेर ज्या दोन सेना एकमेकींवर तुटून पडल्या त्या दोघींचेही नाव ‘आर्मी ऑफ टेनेसी’च वाटते. इंग्रजीत नदी आणि राज्य यांतला भेद ‘the’ या एका इवल्याशा उपपदाने दाखवता येतो. मराठीत ते उपपद नाही. ‘टेनेसी नदीची उत्तरी सेना’ आणि ‘टेनेसी राज्याची दक्षिणी सेना’ असे लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. पक्षांच्या नावांचेही असेच आहे. ‘काँग्रेस’ लिहिले की आपल्या वाचकाला पक्ष आठवतो, ‘रिपब्लिकन’ लिहिले की डॉ. आंबेडकरांच्या प्रेरणेने स्थापन झालेला पक्ष आठवतो. ‘काँग्रेस’च्या जागी प्रतिनिधिगृह किंवा सिनेट म्हणावे. त्या काळी गुलामगिरीच्या प्रसाराला विरोध करणारा पक्ष रिपब्लिकन होता आणि लोगन यांचा मूळ पक्ष डेमोक्रॅटिक, हे पहिल्याच उल्लेखात स्पष्ट करून टाकावे.

रणांगणावरील अहवाल म्हणजे कैफियत

सरकारने १८८० ते १९०१ या काळात युद्धाची कागदपत्रे १२८ ग्रंथांत छापली. दोन्ही बाजूंचे अहवाल आणि पत्रव्यवहार त्यांत आहे आणि ते आज घरबसल्या वाचता येतात. नवख्या लेखकाला हे घबाड वाटते आणि तो अधिकाऱ्याच्या अहवालाचे सरळ भाषांतर करू लागतो. थांबावे. अधिकारी मुळात वकील असेल तर अहवाल ही त्याची कैफियत असते : माझी फळी केव्हा कोसळली हे ती हळूच सांगते आणि शेजारच्या डिव्हिजनने साथ केव्हा सोडली हे ठळकपणे सांगते. ती फेकून देऊ नये, तिची उलटतपासणी करावी. त्याच दिवशीच्या वरिष्ठाचा अहवाल, शेजारच्या अधिकाऱ्याचा अहवाल आणि शत्रूचा अहवाल असे तीन कागद शेजारी ठेवून वेळा जुळवाव्यात. जिथे चौघांचे एकमत होते तेवढे ठाम विधान करावे. बाकीचे ‘लोगन यांच्या म्हणण्यानुसार’ असे लिहावे.

या पद्धतीची कसोटी लागते ती अटलांटाच्या आठवड्यात. २२ जुलैला त्या उत्तरी सेनेचे प्रमुख जेम्स मॅकफर्सन मारले गेले. ज्येष्ठतेनुसार सूत्रे लोगन यांच्या हाती आली आणि सावळ्या वर्णामुळे ‘ब्लॅक जॅक’ म्हणवले जाणारे लोगन रांगांपुढून घोडा पिटाळत सैन्य सावरू लागले. दिवस उत्तरेच्या हाती राहिला. तरीही पाच दिवसांनी मोहिमेचे सरसेनापती विल्यम शर्मन यांनी ती सेना वेस्ट पॉइंटचे पदवीधर ऑलिव्हर हॉवर्ड यांच्याकडे सोपवली आणि लोगन पुन्हा आपल्या १५ व्या कोअरकडे परतले. शर्मन यांनी १८७५ च्या आठवणींत दिलेले कारण असे, की लोगन यांच्यासारख्या स्वयंसेवक सेनापतींना रणातील कीर्ती ही राजकीय महत्त्वाकांक्षेला पूरक म्हणून हवी असते. मोहिमेतील दुसऱ्या एका सेनेचे प्रमुख जॉर्ज थॉमस यांचा लोगन यांना असलेला विरोधही त्यामागे होता.

येथे लेखकाने न्यायाधीश होण्याचे कारण नाही, पण साक्षीदार कोण आहे हे पाहिलेच पाहिजे. १८७५ पर्यंत शर्मन आणि लोगन यांचे संबंध पुरते कडवट झालेले होते, कारण युद्धानंतर प्रतिनिधिगृहाच्या लष्करी समितीचे अध्यक्ष म्हणून लोगन यांनी नियमित सेनेची छाटणी पुढे रेटली होती. म्हणजे आठवण लिहिणारा आणि ज्याच्याविषयी ती लिहिली तो, हे दोघेही मध्यंतरी दुसऱ्याच एका भांडणात सापडले होते. ग्रँट यांच्या आठवणीही १८८४-८५ मध्ये लिहिल्या गेल्या, जेव्हा लोगन त्यांच्याच, म्हणजे रिपब्लिकन, पक्षाचे वजनदार सिनेटर आणि उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. तारीख घटनेची तशीच आठवण लिहिल्याचीही टिपून ठेवावी, ती यासाठी.

शर्मन यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे मात्र समजू नये. १८६३ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी नदीवरील दक्षिणेचा बालेकिल्ला व्हिक्सबर्ग पडल्यावर लोगन रजेवर घरी आले आणि ड्यू क्वॉइन, शिकागो अशी भाषणे करत सुटले. १८६४ च्या शरद ऋतूत अटलांटा घेतल्यावर सैन्य सोडून लिंकन यांच्या प्रचाराला गेले. शिपाई दृष्टीने हा कर्तव्यभंग वाटेल. पण त्यांच्या टापूत लिंकन यांच्या गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्यानंतर सैन्यातून पळून जाणाऱ्यांची संख्या वाढत होती आणि तिथल्या लोकांना त्यांच्याच बोलीत झापू शकणारा दुसरा कोणी नव्हता. माझ्या मते ही भाषणे लढायांच्या प्रकरणातच घ्यावीत, ‘राजकारण’ नावाच्या वेगळ्या प्रकरणात ढकलू नयेत. वकील, राजकारणी आणि सैनिक असे तीन खण पाडले की लोगन तिन्ही खणांतून निसटतात. याउलट उदाहरण हवे असेल तर त्यांचेच सहकारी जॉन मॅकक्लर्नंड यांना पाहावे : आपल्या कोअरची स्तुती करणारा आदेश त्यांनी वृत्तपत्रांत छापू दिला आणि जून १८६३ मध्ये, व्हिक्सबर्गचा वेढा चालू असतानाच, ग्रँट यांनी त्यांना घरी पाठवले.

दंतकथांचे काय करावे

एप्रिल १८६५ मध्ये लिंकन यांच्या हत्येची बातमी नॉर्थ कॅरोलिनाची राजधानी असलेल्या रॅली शहराजवळच्या छावणीत पोहोचली तेव्हा संतापलेले शिपाई शहर जाळायला निघाले आणि लोगन यांनी त्यांना परतवले. शिपाई परतले हे लिहावे. तोफा डागण्याची धमकी, तोंडची वाक्ये हा तपशील कोणी, किती वर्षांनी सांगितला ते पाहून मगच घ्यावा. मृत सैनिकांच्या थडग्यांवर फुले वाहण्याच्या दिवसाबाबतही हीच शिस्त पाळावी. माजी सैनिकांच्या संघटनेचे प्रमुख म्हणून लोगन यांनी ५ मे १८६८ रोजी आदेश काढून ३० मे हा दिवस ठरवून दिला, हे निर्विवाद आहे. ‘त्यांनी ही प्रथा सुरू केली’ हे मात्र बरोबर नाही. १८६५ मध्ये दक्षिणेतील चार्ल्सटन येथे मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी असा समारंभ केला होता, दक्षिणेतील स्त्रियांनी १८६६ मध्ये केला होता, आणि त्याच वर्षी इलिनॉयमधील कार्बनडेल येथील अशाच समारंभात स्वतः लोगन बोलले होते.

युद्धानंतरची वीस वर्षे झपाट्याने लिहिली तरी चालतील, कारण लोगन यांच्याबाबतीत ती बहुतांशी निवडणुकांची यादी आहे : रिपब्लिकन म्हणून प्रतिनिधिगृह, राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरील १८६८ च्या महाभियोगात फिर्यादी पक्षाचे काम, नंतर दोन टप्प्यांत सिनेट, १८८४ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पराभव आणि २६ डिसेंबर १८८६ रोजी मृत्यू. यांत थांबण्यासारखी एकच जागा आहे, ती म्हणजे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या बाजूने त्यांनी घेतलेली भूमिका. ती १८५३ च्या कायद्याशेजारी ठेवावी आणि मधला प्रवास कोणत्या वर्षी किती झाला तेवढेच दाखवावे. ‘हृदयपरिवर्तन’ हा शब्द वापरण्याआधी, त्या काळात इलिनॉयमध्ये निवडून येण्यासाठी कोणती मते लागत होती हेही तपासावे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

लेखाला छायाचित्र जोडायचे असेल तर बहुधा वॉशिंग्टनमधील लोगन सर्कलचा अश्वारूढ पुतळा निवडला जाईल, ज्याचे अनावरण १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांनी केले. त्याच्या चौथऱ्यावरील एका ब्राँझपटात १८७९ मध्ये सिनेटर म्हणून शपथ घेणारे लोगन दिसतात आणि त्यांना शपथ देताना उपराष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर दाखवले आहेत. आर्थर उपराष्ट्राध्यक्ष झाले ते १८८१ मध्ये. १८७९ मध्ये त्या पदावर विल्यम व्हीलर होते. छायाचित्राखालच्या ओळीत हे नोंदवावे.